ताई, कोड आला का?

माझी जीभ जरा तिखट आहे, हे आमच्या विद्यापीठात शिपायांपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे संगणक केंद्रातल्या त्या माणसाला 'थांबाराव' हे नाव कोणी ठेवलं असं कोणी विचारलं, तर मी उगाच आढेवेढे घेत नाही. मीच ठेवलं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सगळ्या कर्मचाऱ्यांना 'संगणक सुरक्षा मार्गदर्शन' सक्तीचं केलं होतं. हजेरी लागणार, म्हणून आम्ही सगळे सभागृहात जाऊन बसलो. समोर एक किडकिडीत माणूस, चष्म्याला दोरी, खिशात तीन पेनं, आणि त्याचा प्रोजेक्टरच सुरू होईना! संगणकवाल्याचाच प्रोजेक्टर बंद म्हटल्यावर आम्हाला काय, आयतीच करमणूक. तो "दोन मिनिटं थांबा" म्हणाला. दोनाची दहा झाली. मग त्याने हातातली वायर शांतपणे खाली ठेवली आणि तोंडानेच शिकवायला लागला.

"मेल आला, घाई करा म्हणतोय? थांबा. खातं बंद पडेल म्हणतोय? थांबा. साहेबांच्या नावाने आलाय आणि साहेब असं कधी बोलत नाहीत? थांबा, आणि साहेबांना जाऊन विचारा."

मी शेजारणीच्या कानात म्हटलं, "हे बघ, थांबाराव आले." जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते नाव कँटीनमध्ये पोचलं आणि संध्याकाळपर्यंत खुद्द त्याच्या कानावर गेलं. दुसरा असता तर डूख धरून बसला असता. हा मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "बरं झालं ताई, एक शब्द तरी लोकांच्या लक्षात राहील." मीच खजील झाले. तेव्हापासून समोर बोलतानाही मी त्यांना थांबारावच म्हणते, पण 'अहो' लावून.

त्या दिवशी शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. मी तेव्हा मांडीवर टपाल वर्गवारीने लावत होते, तरी ती कानात शिरलीच. नोकरीला लागून चौथं वर्ष. रसायनशास्त्राच्या एका संशोधक मुलीचं दोन वर्षांचं काम ज्या टेपवर साठवलं होतं, त्याच टेपवर यांनी चुकून दुसरंच काहीतरी चढवलं. चूक पाच मिनिटांत लक्षात आली. पण वरिष्ठ तापट, नोकरी अजून कायम न झालेली, घरी नुकतं लग्न झालेलं. हे दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं, तेव्हा वरिष्ठ एवढंच म्हणाले, "परवा सांगितलं असतंस तर अर्धं तरी निघालं असतं." त्या मुलीने पुढे संशोधन सोडून दिलं.

"म्हणून सांगतो," थांबाराव म्हणाले, "चूक झाली की मला फोन करा. आतला नंबर तीन-एक-सात. मी ओरडणार नाही. ओरडलो तर तुम्ही मला ओरडा."

सभागृहात कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही चहा प्यायला पळालो.

त्यांची खोली ग्रंथालयाच्या तळघरात आहे, एका बाजूला पुस्तकांची बांधणी चालते आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप घरघरतो. खोलीत कायम खळीचा वास. टेबलावर एक जुना फोन, त्याची दोरी इतकी लांब की दारात उभं राहून बोलता यावं. डबासुद्धा त्या फोनशेजारी बसूनच खातात. दर शुक्रवारी पिशवी घेऊन विद्यापीठभर फिरतात, कळफलकात अडकलेला चुरा झटकतात, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलतात, आणि जाता जाता कुणाच्या भिंतीवरची पासवर्डची चिठ्ठी दिसली की न बोलता तिथेच उभे राहतात. माणूस ओशाळून ती काढेपर्यंत हलायचे नाहीत.

कोणी पासवर्ड टाकायला लागलं की हा गृहस्थ पाठ फिरवून भिंतीकडे बघतो. मला तर टाइप करताना मोठ्याने बोलायची सवय. पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर अक्षर अक्षर म्हणत पासवर्ड टाकला, तेव्हा त्यांनी चक्क कानांत बोटं घातली. मी म्हटलं, "अहो, काय लहान मुलासारखं!" तर म्हणाले, "मला कळला तर उद्या काही झाल्यावर संशय माझ्यावरही येईल ना, ताई. मला शांत झोप लागू दे."

घरी म्हातारी आई आणि रुग्णालयात परिचारिका असलेली बायको. मी एकदा काही कामाने घरी गेले होते, तर आईंचा फोन चालू. पलीकडे कोणीतरी भामटा त्यांचं बँकेतलं खातं बंद करायला निघालेला, आणि आई त्याला विचारताहेत, "आवाज बसलाय रे तुझा. गरम पाणी पीत जा. आई आहे का तुझी? तिला माहितीये का तू काय करतोस ते?" वीस मिनिटांनी त्यानेच फोन आपटला. थांबाराव मला म्हणाले, "सुरक्षेचं खरं मार्गदर्शन हिच्याकडून घ्यायला पाहिजे." वहिनी आतून ओरडल्या, "परवाच्या भामट्याला तर लग्नाला मुलगी सुचवत होत्या!"

आता माझ्या विभागाबद्दल. मी भूगर्भशास्त्र विभागाची कार्यालयीन अधीक्षक. सत्तावीस वर्षं त्याच टेबलावर. विभागात माणसं चार: विभागप्रमुख सर, एक तरुण प्राध्यापक, प्रयोगशाळेचे सहायक आणि मी. आणि चौघांत मिळून विभागाचं एकच खातं. त्यातूनच टपाल, त्यातच सगळी कागदपत्रं. पासवर्ड माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. पुढे विद्यापीठाने नियम काढला, नुसता पासवर्ड चालणार नाही, दर वेळी मोबाइलवर सहा आकडी कोड येणार, तोही टाकायचा. मोबाइल कोणाचा द्यायचा? माझा, दुसरं कोण! मी कधी रजा घेत नाही ना.

मग आमची एक पद्धतच पडली. कोणी कुठूनही खातं उघडायला बसलं की माझा मोबाइल टुणकन वाजायचा आणि पाठोपाठ व्हरांड्यातून आरोळी, "ताई, कोड आला का?" मी इथून आकडे ओरडायचे. लांब असले तर टेबलावरच्या फोनवर सांगायचे. दिवसातून आठ-दहा वेळा. कोण विचारतंय ते मी बघेनाशी झाले होते. कोड आला, फोन वाजला, आकडे सांगितले, हातातलं काम पुढे चालू.

थांबारावांनी मला तीनदा सांगितलं, "ताई, हे चौघांत एक खातं बरं नाही. प्रत्येकाला वेगळं करून देतो."

"आणि मग सरांचं टपाल मी कसं बघायचं?"

"त्याचीही सोय आहे. एक दिवस द्या मला फक्त."

"बघू," मी म्हणायचे. असं बघता बघता तीन वर्षं गेली.

त्या खात्यात मोठ्या बाईंचं काम होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांनी सलग एकतीस वर्षं, दर महिन्याला, आसपासच्या बावन्न विहिरींची पाण्याची पातळी स्वतः जाऊन मोजली होती. दोरी, दोरीला वजन, आणि वही. ऊन म्हणू नका, ताप म्हणू नका. त्या वह्या मी अकरा वर्षं खपून संगणकावर चढवल्या, रोज जेवणानंतर अर्धा तास. शेवटची वही संपली त्याच वर्षी भांडारघरात वाळवी लागली आणि वह्यांचा भुगा झाला. तेव्हा मोठ्या बाई हसत म्हणाल्या होत्या, "जाऊ दे गं, तुझ्याकडे आहे ना आता." म्हणजे जगात त्या कामाची एकच प्रत उरली होती, आणि तिच्यात त्यांच्या एकतीस वर्षांबरोबर माझी अकरा. पुढच्या महिन्यात पाणी खात्याचे लोक ते सगळं न्यायला येणार होते, नव्या विहिरी कुठे घ्यायच्या ते त्यावरून ठरणार होतं. बाईंना तेवढंच बघायचं राहिलं होतं.

तो मंगळवार होता, सकाळचे अकरा. परीक्षेचे अर्ज तपासत होते. मोबाइल टुणकन वाजला. पाठोपाठ टेबलावरचा फोन.

"मॅडम, कोड आला असेल बघा. सांगता का पटकन?"

सांगितला. सहाच्या सहा आकडे, स्पष्ट उच्चारात, वर "मिळाला ना?" असंही विचारलं.

दोन-चार मिनिटांनी अर्जावरून मान वर केली, तर प्रयोगशाळेचे सहायक समोरच उभे, दगडांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या लावताहेत. म्हटलं, "तुम्ही इथे? मग कोड कोणी मागितला?" ते म्हणाले, "मी नाही बुवा." सर तर वर्गात शिकवत होते, त्यांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. तरुण प्राध्यापक मुलांना घेऊन टेकडीवर गेलेले. आणि मला विभागात 'मॅडम' कोणीच म्हणत नाही! वर तो फोन एकच लांब वाजला होता, बाहेरून आलेला वाजतो तसा. आतले तुटक वाजतात. सत्तावीस वर्षं त्या फोनशेजारी बसतेय मी, आणि कानांनी ऐकूनही मेलं डोक्यात शिरलं नाही.

खरं सांगते, पहिला विचार मोठ्या बाईंचा नाही आला, स्वतःचा आला. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, आत्ता कुठे बोभाटा करू? कोणाला काय कळणार आहे? संगणक बंद करून टाकावा, मेसेज पुसून टाकावा, अर्ज तपासत बसावं. दुसऱ्याच्या चुकीला मी कधी सोडलं नाही. आमच्या त्या तरुण प्राध्यापकाने एकदा घरच्या किराणा सामानाची यादी चुकून सगळ्या विद्यापीठाला पाठवली, तर वर्षभर मी त्याला 'दीड किलो साखर' म्हणत होते. आता माझी पाळी आली तर लोक सोडतील मला? बोट त्या पुसायच्या खुणेवर गेलंसुद्धा.

कसं कोण जाणे, पण हात फोनकडे वळला. तीन-एक-सात. पहिल्याच घंटेला उचलला.

"थांबाराव, मी मूर्खपणा केलाय."

"बरं केलंत फोन केलात," ते म्हणाले. हे त्यांचं पहिलं वाक्य. पुढे एकामागून एक प्रश्न, आवाज अगदी भाजीचा भाव विचारावा तसा. "कोड किती वाजता सांगितलात? मेसेज पुसू नका, त्यावर वेळ असेल."

"अकरा दहा."

"आत्ता सतरा झालेत. फोन धरून ठेवा." पलीकडे कळांचा ताडताड आवाज. मग ते म्हणाले, "सगळ्यांना खात्यातून बाहेर काढलं. खात्याला कुलूप घातलं. तुमचा संगणक बंद करू नका, कशालाही हात लावू नका. मी वर येतोय."

तीन मिनिटांत आले. पळत आले असणार, श्वास लागला होता, पण चेहऱ्यावर काही नाही. माझ्या खुर्चीवर बसले, खातं त्यांच्या पद्धतीने उघडलं आणि विचारलं, "यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?"

तेव्हा मला मोठ्या बाई आठवल्या. "विहिरी," मी म्हटलं.

विहिरींची जागा रिकामी होती. एक ओळ नाही.

थांबाराव म्हणाले, "हे लोक आधी आपल्याकडे उतरवून घेतात, मग इथलं पुसतात, आणि मग परत देण्यासाठी अडवून धरतात. त्याला सात मिनिटं मिळालीत. बघू कुठवर पोचला." पुसलेल्या गोष्टी जिथे जातात ती जागा त्यांनी उघडली. तिथे एकतीसपैकी वीस वर्षं होती. जुनी अकरा नव्हती. तो चोर जुन्यापासून सुरुवात करून एकेक वर्ष कायमचं पुसत येत होता आणि अकराव्या वर्षावर त्याला बाहेर काढलं गेलं होतं.

"ती अकरा येतील?"

"मी खोटं सांगणार नाही, ताई. कायमचं पुसलेलंसुद्धा खाली साठ्यात काही तास राहतं, मग त्यावर दुसरं चढतं. पण हे खातं जुनं आहे, त्याला ती सोय आहे की नाही ते, साठा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी बोलल्यावरच कळेल. वेळ आपल्या बाजूने आहे, एवढंच."

ते फोनवर बोलायला लागले आणि नेमक्या दारात मोठ्या बाई. मंगळवारी त्या येतातच. आमच्या ग्रंथालयातून मासिकं नेतात, माझ्या टेबलाशी दहा मिनिटं टेकतात, माझ्या साडीला नावं ठेवतात आणि जातात. आज माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं, कोणी मेलं का?"

मी सांगितलं. सगळं. कोड मीच सांगितला, आणि गेली तीन वर्षं 'बघू' मीच म्हटलं, हेसुद्धा. मला वाटलं त्या आता कोसळतील, नाहीतर माझ्या कानाखाली वाजवतील. कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं मला. त्या नुसत्या बसल्या. हातातल्या मासिकाची कड बोटाने सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जुनी अकरा म्हणजे दुष्काळाची दोन वर्षं त्यातच गं." त्यांचा तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

चाळीस मिनिटं. थांबाराव कधी फोनवर, कधी पडद्यावर. मी दोनदा पाणी आणलं, कोणी प्यायलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, संपलं. पण ते बाईंकडे वळले, "मोठ्या बाई, एखादी नोंद विचारा. तुम्हाला पक्की आठवत असेल अशी."

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "चौथं वर्ष. उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा. चौदा नंबरची विहीर."

थांबारावांनी शोधलं. पडदा बाईंकडे फिरवला, पण त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी वाचलं. "पातळी: कोरडी. शेरा: तळाशी एक चप्पल दिसते."

"माझीच!" बाई ओरडल्या. "वाकून बघताना पडली होती. एका पायाने घरी आले होते मी!"

आणि आम्ही तिघं असं हसलो की शेजारच्या वर्गातून विभागप्रमुख सर शिकवणं थांबवून बघायला आले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हसता हसता मी दगडांच्या पेटीवरच बसले. एकतीसच्या एकतीस वर्षं परत आली होती. थांबारावांनी तिथल्या तिथे त्यांच्या दोन वेगळ्या प्रती केल्या आणि एक पेनड्राइव्हवर घालून बाईंच्या पिशवीत ठेवली. बाई म्हणाल्या, "ही मी उशाशी घेऊन झोपणार." सरांना आम्ही झालेलं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं परत मिळालं म्हटलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर रंग येईना. मला वाटलं, बिचारे, घाबरले.

पुढे चौकशी झाली, ती होणारच होती. कुलसचिवांच्या खोलीत लांब टेबल, माझ्यासमोर पाच माणसं. कुलसचिवांनी विचारलं, "कोड कोणी दिला?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी." इतकं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नसावं, ते कागदच चाळत राहिले. तेवढ्यात थांबाराव म्हणाले, "एका माणसाच्या मोबाइलवर अख्ख्या विभागाचा कोड जोडायला परवानगीची सही माझी आहे. चुकीचं आहे हे माहीत असून मी ती केली. आणि खातं सावरलं ते मी सावरलं नाही. ताईंनी सातव्या मिनिटाला फोन केला, म्हणून सावरलं. दुपारपर्यंत गप्प बसल्या असत्या तर आज आपण दुसऱ्याच विषयावर बोलत असतो."

"ते ठीक," कुलसचिव म्हणाले, "पण नुसत्या कोडवर आत शिरता येत नाही. त्याला पासवर्ड कुठून मिळाला?"

विभागप्रमुख सर घसा साफ करून म्हणाले, "कपाटाला चिकटवलेला असायचा. कोणीही वाचला असेल."

कपाट माझं. चिठ्ठी माझी. तेवढी एक गोष्टही माझ्याच माथी लागली. मला ताकीद मिळाली, लेखी. थांबारावांनाही मिळाली. आमचं एकत्र खातं बंद झालं, चौघांची चार झाली, आणि ते करायला खरंच एकच दिवस लागला. सरांचं टपाल मला अजूनही दिसतं, ती सोय खरोखरच होती. तीन वर्षं मी कशाला अडून बसले होते, देव जाणे.

महिन्याभराने पुन्हा मार्गदर्शन लागलं. आदल्या दिवशी थांबाराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, या वेळी तुम्ही बोलाल का? माझी टेपची गोष्ट लोकांना पाठ झालीये."

"म्हणजे साठ लोकांपुढे माझी शोभा?"

"हो," ते म्हणाले. लपवाछपवी नाहीच या माणसाकडे.

मी बोलले. जिभेला काय, ती सुटली की सुटली. कोड कसा ओरडायचे त्याची नक्कल केली, फोनवर "मिळाला ना?" कसं विचारलं तेही केलं. सभागृह हसलं. मग पुसायच्या खुणेवर बोट गेलं होतं ते सांगितलं. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. शेवटी म्हटलं, "मला जेवढं हसायचंय तेवढं हसा. पण तुमचं काही झालं तर त्याच मिनिटाला सांगा. आणि मी कोणाला हसणार नाही आता. कानाला खडा."

सभागृह रिकामं झालं. मी आणि थांबाराव खुर्च्या सरळ करत होतो, तर विभागप्रमुख सर मागे रेंगाळलेले. हातातली वही उगाच उघडताहेत, मिटताहेत.

"सर, काही राहिलं का?"

"थांबारावांशी बोलायचंय," ते म्हणाले. मी निघाले, तर म्हणाले, "नाही, ताई, तुम्हीही थांबा."

मग उभ्या उभ्याच सांगितलं. त्या मंगळवारच्या तीन आठवडे आधी त्यांना मेल आला होता, विभागाची टपालपेटी भरली आहे, पासवर्ड टाका. त्यांनी टाकला. संध्याकाळी लक्षात आलं की तो मेल बनावट होता. पासवर्ड तेव्हाच बदलला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

"मग बदलला का नाहीत?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. ताकीद माझ्या नावावर लागली होती, आणि हे त्या टेबलाशी बसून कपाटाकडे बोट दाखवत होते!

"बदलायचा तर तुम्हाला सांगावं लागलं असतं, ताई." सर वहीकडे बघत होते. "आणि तुम्ही मला चार लोकांत सोडलं नसतं. 'दीड किलो साखर' मी ऐकलंय ना वर्षभर."

मला खूप काही बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण आलेलं सगळं गिळलं, कारण ते म्हणत होते ते खरं होतं. मी सोडलं नसतंच. त्यांना काहीतरी झकास नाव ठेवलं असतं आणि ते कँटीनपर्यंत पोचवलं असतं.

"बरं केलंत सांगितलंत, सर," थांबाराव म्हणाले. "तारीख आठवते का?"

सरांना तारीख आठवत होती, वेळही आठवत होती. सांगताना त्यांचा आवाज मोकळा होत गेला. "मी उद्या कुलसचिवांकडे जातो," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या ताकिदीचं..."

"ते उद्या बघू, सर," मी म्हटलं. "आज आधी बसा." मी एक खुर्ची त्यांच्याकडे ढकलली. सर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागले, ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसं. रडायला आलं ते मलाच.